किल्ली कोणाच्या हाती

१७९३ : भागानगरहून पुण्याकडे

खलिता घामाने भिजू नये म्हणून तुम्ही तो मेणकापडात गुंडाळून कमरेला कसून बांधला आहे. तुम्ही कासीद आहात. मागे भागानगर, म्हणजे हैदराबाद, पुढे पुणे. ग्रॅनाइटच्या गोल धोंड्यांमधून पश्चिमेकडे निघालेल्या या माळावर पुढे कधीतरी कुकटपल्लीची वस्ती दाटणार आहे. आज इथे वारा आहे आणि तुमच्या वहाणांचा आवाज.

निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे आहेत. त्यांचं लिहिणं नाना फडणीसांपर्यंत पोचवणं हे तुमच्यासारख्यांचं काम. खर्ड्याची लढाई अजून दोन वर्षांवर आहे, पण दोन्ही दरबारांचे कान आत्तापासून टवकारलेले आहेत. पुढच्या नाक्यावर कुणी अडवलं आणि थैली उघडायला लावली तर काय करायचं, हा विचार तुमची पाठ सोडत नाही.

पत्राच्या माथ्यावर शिक्का आहे आणि शेवटी मोर्तब. शिक्का सांगतो, पत्र कोणाचं. मोर्तब सांगतं, मजकूर इथे संपला. याखाली कुणी शब्द घातला तर तो खोटा. पण शिक्कामोर्तब मजकूर लपवत नाही. लपवायचा असेल तर काही संकेत ठरवावे लागतील, आणि ते ठरवायला लिहिणारा आणि वाचणारा आधी भेटायला हवेत. भेट शक्य नसेल तर संकेतांची यादी दुसऱ्या एखाद्या कासीदाबरोबर पाठवावी लागेल. तो पकडला गेला की आजवरची आणि पुढचीही सगळी पत्रं उघडी पडली.

शिवाय माणसं वाढली की संकेतही वाढतात. दहा जणांना आपापसांत, प्रत्येक जोडीला स्वतंत्र गुप्तता हवी असेल तर ४५ वेगवेगळे संकेत लागतील. हजार जणांना ४,९९,५००. एवढी गुपितं कुणी, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या भरवशावर पोचवायची? जगातला प्रत्येक दरबार आणि प्रत्येक सेना या एका प्रश्नापाशी अडत आली आहे. बंद करणारी आणि उघडणारी किल्ली एकच असेल, तर ती आधी पोचवल्याशिवाय गत्यंतर नाही.

१९७७ : कुकटपल्ली गाव

वर्ष संपत आलं आहे. तुम्ही गणिताचे तरुण मास्तर आहात आणि कुकटपल्ली हे मुंबईच्या हमरस्त्यालगतचं गाव आहे. खाणींसाठी स्फोटकं बनवणारा आयडीएलचा कारखाना इथे आहे. हाउसिंग बोर्डाची केपीएचबी कॉलनी अजून उभी राहायची आहे. जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन पाच वर्षं झाली आहेत, पण त्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय इथे यायला आणखी सात वर्षं आहेत.

ग्रंथालयातून आणलेला ‘सायंटिफिक अमेरिकन’चा ऑगस्टचा अंक तुमच्या समोर उघडा आहे. मार्टिन गार्डनर यांच्या गणिती कोड्यांच्या सदरासाठी तुम्ही तो आणलात, आणि या वेळचं कोडं तुम्हाला झोपू देत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या संस्थेतल्या रॉन रिव्हेस्ट, अदी शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी संदेश बंद करायची किल्ली एक आणि उघडायची दुसरी, अशी व्यवस्था बनवली आहे. तशी व्यवस्था असू शकते हे आदल्या वर्षी व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडलं होतं. हीच गोष्ट ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या जेम्स एलिस आणि क्लिफर्ड कॉक्स यांना काही वर्षं आधीच सुचली होती, पण ते जगाला कळायला १९९७ उजाडणार आहे.

तुम्ही वही पुढे ओढता. मोठ्या आकड्यांची भीती नको म्हणून दोन लहान मूळ संख्या घेता : ३ आणि ११. गुणाकार ३३. दोघींतून एकेक वजा करून पुन्हा गुणता : २ गुणिले १०, म्हणजे २०. आता अशा दोन संख्या हव्यात की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागलं तर बाकी १ उरावी. ३ आणि ७ चालतात. २१ ला २० ने भागून बाकी १.

मग तुम्ही ३३ आणि ३ या दोन संख्या साऱ्या गावाला सांगून टाकता. ही तुमची सार्वजनिक किल्ली. ७ मात्र कुणालाच सांगत नाही. ती खासगी किल्ली.

कुणाला तुम्हाला ५ हा आकडा गुप्तपणे कळवायचा आहे. तो ५ चा घन करतो : १२५. त्याला ३३ ने भागतो. बाकी २६. हा २६ त्याने चावडीवर मोठ्याने सांगितला तरी हरकत नाही. तुम्ही घरी बसून २६ चा सातवा घात करता, ८,०३,१८,१०,१७६ हे उत्तर येतं, आणि ३३ ने भागल्यावर बाकी उरते ५. तुम्ही पुन्हा पुन्हा आकडे तपासता. दोघं कधी भेटला नाहीत, काही आधी ठरवलं नाही, सगळं चारचौघांत बोललात, आणि तरी गुपित पोचलं. १७९३ च्या वाटेवरचा प्रश्न सुटला आहे.

चोराने ७ शोधायचा तर त्याला आधी २० शोधावा लागेल, आणि त्यासाठी ३३ हा ३ आणि ११ चा गुणाकार आहे हे ओळखावं लागेल. इथे ते शाळकरी पोरही ओळखेल. पण गार्डनर यांच्या सदरात १२९ अंकी संख्या छापली आहे, ती फोडून संदेश वाचणाऱ्याला १०० डॉलरचं बक्षीस आहे आणि ती फोडायला लागणाऱ्या वेळेचा अंदाज आहे चारशे कोटी कोटी वर्षं. दोन मोठ्या मूळ संख्या गुणणं क्षणाचं काम. गुणाकारावरून त्या परत शोधणं डोंगराएवढं. साऱ्या युक्तीची मदार या फरकावर आहे.

ती संख्या एप्रिल १९९४ मध्ये फुटली. सुमारे ६०० स्वयंसेवक, १,६०० च्या आसपास संगणक, आठ महिने. संख्या फोडण्याच्या नव्या रीती निघाल्या, संगणक झपाट्याने वेगवान झाले आणि कोटी कोटी वर्षांचा अंदाज सतरा वर्षांत कोसळला. म्हणून आज किल्ली २,०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकांची घेतात. जाहीरपणे फोडलेली या जातीची मोठ्यात मोठी संख्या २०२० मध्ये २५० अंकांची होती. लांबी वाढवत राहिलं तर गणित टिकतं. पुढच्या प्रवासात तुम्हाला दिसेल, की चोरांनी ते गणित फोडायच्या फंदात सहसा वेळ घालवला नाही.

२००२ : मासब टँक

सकाळी तुम्ही कुकटपल्लीहून बस पकडता. मूसापेट, एर्रगड्डा, अमीरपेट, पंजागुट्टा. खांद्याला खांदा लावून उभं राहत तुम्ही मासब टँकला उतरता. या वेळी तुम्ही एका बँकेतले अधिकारी आहात आणि रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये उभ्या केलेल्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेत, आयडीआरबीटीत, तुम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं आहे.

देशातल्या बँकांमधलं बोलणं या इमारतीतून नव्याने गुंफलं जात आहे. १९९९ मध्ये बँकांचं स्वतःचं जाळं आलं, इन्फिनेट. डिसेंबर २००१ मध्ये त्यावर संदेशांची प्रणाली आली, एसएफएमएस. एका बँकेने दुसरीला पैसे द्यायला सांगितलं, तर ते सांगणं खरं आहे याची खात्री हवी. कासीदाच्या थैलीतल्या शिक्कामोर्तबाची जागा आता संगणकाला भरून काढायची आहे.

तुम्हाला तुमची जुनी वही आठवते. ३३, ३ आणि ७. आता उलट्या क्रमाने करा. ५ या आकड्यावर तुम्ही तुमची खासगी ७ चालवता : ५ चा सातवा घात ७८,१२५, भागिले ३३, बाकी १४. तुम्ही ५ आणि १४ हे दोन्ही पाठवता. ज्याच्याकडे तुमची सार्वजनिक किल्ली आहे तो १४ चा घन करतो, २,७४४, ३३ ने भागतो, बाकी ५. जुळलं. हा १४ बनवायला ७ लागतो आणि ७ फक्त तुमच्याकडे आहे. ५ च्या जागी वाटेत कुणी ६ घातला तर १४ त्याच्याशी जुळणार नाही. शिक्का आणि मोर्तब दोन्ही एका आकड्यात आले. यालाच डिजिटल स्वाक्षरी म्हणतात. खऱ्या कामात आधी अख्ख्या मजकुराचा एक ठरावीक लांबीचा गोषवारा काढतात, हॅश, आणि स्वाक्षरी त्याच्यावर करतात. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी हॅश बदलतो.

१७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेला माहिती तंत्रज्ञान कायदा नेमकी हीच रीत नाव घेऊन सांगतो : दोन किल्ल्यांची असममित व्यवस्था आणि हॅश. संसदेने मान्य केलेल्या कायद्यात गणिताची एक पद्धत लिहिली गेली.

आता तुम्हाला खरा अवघड प्रश्न पडतो. ‘ही माझी सार्वजनिक किल्ली’ असं एखादी बँक सांगते, पण ती किल्ली तिचीच कशावरून? मधे बसलेल्या लबाडाने स्वतःची किल्ली त्या बँकेच्या नावाने तुमच्या हाती ठेवली, तर तुम्ही सगळी गुपितं त्याच्यासाठीच बंद कराल. तो ती उघडेल, वाचेल, खऱ्या किल्लीने पुन्हा बंद करून पुढे पाठवेल आणि दोन्ही टोकांना संशयही येणार नाही. गणितात खोट नसतानाही सगळं हातचं जाईल.

म्हणून किल्लीसोबत प्रमाणपत्र लागतं. ‘ही किल्ली अमक्याची’ एवढंच एक वाक्य, त्याखाली प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी. त्या संस्थेच्या किल्लीवर देशाच्या प्रमाणन नियंत्रकाची स्वाक्षरी, आणि नियंत्रकाची किल्ली हीच मूळ किल्ली. आयडीआरबीटीला असं प्रमाणपत्र देण्याचा परवाना याच २००२ सालात मिळाला आहे. याच पायावर २६ मार्च २००४ ला आरटीजीएस सुरू होईल आणि बँकांमधल्या मोठ्या रकमा त्याच दिवशी, एकेक करून, कायमच्या चुकत्या होऊ लागतील.

परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसता. मघाशी शिक्षकांनी सांगितलेली एक गोष्ट मनात घोळते : दोन किल्ल्यांचं गणित संथ असतं, म्हणून त्याने फक्त एक छोटी तात्पुरती किल्ली पोचवायची आणि मग सगळा मजकूर जुन्या, एकाच किल्लीच्या जलद रीतीने बंद करायचा. कासीदांची जुनी विद्या फेकून दिलेली नाही. तिच्या पायातला काटा काढला आहे.

१३ मे २००८ : केपीएचबी कॉलनी

आता कॉलनी गच्च भरली आहे. गल्लीगल्लीत वसतिगृहं, मेस, झेरॉक्सची दुकानं. नांदेड, लातूर, उदगीर, सोलापूरकडून आलेली कितीतरी पोरं इथल्या खोल्यांमध्ये राहून सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करतात. तुम्ही त्यांच्यातले एक आहात, एका लहान कंपनीचे सर्व्हर सांभाळता. मे महिन्याचा उकाडा आहे, पंखा गरम हवा फिरवतो आहे आणि पडद्यावर डेबियन या लिनक्स प्रणालीची सूचना आली आहे.

लुसियानो बेल्लो या विकासकाला एक खोट सापडली आहे. २००६ मध्ये कुणीतरी किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएल या साधनाच्या डेबियनमधल्या आज्ञावलीत स्वच्छता करताना दोन ओळी काढून टाकल्या, कारण तपासणीचं साधन त्यांच्यावर तक्रार करत होतं. त्या ओळी किल्ली बनवण्यासाठी लागणारी यदृच्छा, म्हणजे कुणाला आधी ओळखता येणार नाही असा विस्कळीतपणा, गोळा करत होत्या. त्या गेल्यावर उरला फक्त प्रोग्रामचा क्रमांक, आणि ते क्रमांक जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे जवळपास वीस महिने या प्रणालीवर ओपनएसएसएलने बनवलेली प्रत्येक किल्ली ठरावीक लांबीच्या आणि जातीच्या ३२,७६८ किल्ल्यांपैकीच एक होती. त्या सगळ्या आधीच बनवून यादी केली की दार उघडायला काही मिनिटं पुरतात.

तुम्ही आपल्या सर्व्हरवरच्या किल्ल्या तपासता. निम्म्या त्या यादीत आहेत. त्या दिसायला लांब आहेत, नियमाप्रमाणे आहेत, आणि तरी कुचकामी आहेत. रात्रभर जागून तुम्ही नव्या बनवता आणि उमजतं, की किल्लीचं बळ तिच्या लांबीइतकंच तिच्या जन्मात असतं.

चार वर्षांनी नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा करून हीच गोष्ट आणखी साध्या गणिताने दाखवली. समजा, एका राउटरची किल्ली ३३ आहे आणि दुसऱ्याची ३९. दोन्ही फोडायला वेळ लागेल असं वाटतं. पण त्यांचा मसावि काढा : ३. झालं, दोन्ही एकदम फुटल्या. शाळेत सहावी-सातवीत शिकलेला मसावि शेकडो अंकी संख्यांचाही क्षणात निघतो. जी यंत्रं चालू होताच, पुरेशी यदृच्छा जमण्याआधी किल्ली बनवत होती, त्यांना तीच ती मूळ संख्या पुन्हा पुन्हा सापडत होती.

यदृच्छेची गरज किल्ली बनवतानाच संपत नाही. तुम्ही कुकटपल्लीच्या प्रशांतनगरमधल्या एका कारखानदाराचं ई-टेंडर डोळ्यांपुढे आणा. त्याने बोलीची रक्कम टेंडर उघडणाऱ्या अधिकाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद केली. वहीतल्यासारखी साधी रीत वापरली, तर एकाच रकमेतून दर वेळी एकच उत्तर येईल. मग प्रतिस्पर्धी काय करेल? ती सार्वजनिक किल्ली त्याच्याकडेही आहे. तो ४० लाखांपासून ५० लाखांपर्यंतची प्रत्येक रक्कम बंद करून पाहील आणि कोणती जुळते ते ओळखेल. काहीही न फोडता त्याला बोली कळली. म्हणून संदेश बंद करण्याआधी त्यात दर वेळी नवी भर मिसळतात, पॅडिंग. तीही कशीतरी मिसळून चालत नाही. १९९८ मध्ये डॅनिएल ब्लायखेनबाखर यांनी दाखवलं, की ‘भर चुकीची आहे’ एवढं उत्तर सर्व्हर देत राहिला तर त्या उत्तरांच्या आधारे हळूहळू संदेश वाचता येतो. वहीतलं गणित वहीतच ठेवावं, कामासाठी तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं पारखलेलं तयार साधन घ्यावं, हा धडा जगाने इथे घेतला.

जुलै २०१४ : जेएनटीयू कॉलनी, पावसाळी संध्याकाळ

बाहेर पाऊस आहे. तुम्ही विंडोजचा संगणक उघडून मेल बघता. पत्त्याच्या पट्टीत हिरवट कुलूप दिसतं आणि तुम्ही निश्चिंत होता. त्याच आठवड्यात, २ जुलैला, गूगलच्या लक्षात आलं आहे की त्यांच्या काही पत्त्यांसाठी प्रमाणपत्रं निघाली आहेत आणि ती त्यांनी मागितलेलीच नाहीत. ती दिली आहेत भारत सरकारच्या एनआयसी या माहिती तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमाणन संस्थेने. तिच्यावर भारताच्या नियंत्रकाची स्वाक्षरी, नियंत्रकाच्या मूळ किल्लीवर मायक्रोसॉफ्टचा भरवसा, आणि म्हणून तुमच्या विंडोजचा भरवसा.

म्हणजे मासब टँकच्या वर्गात तुम्हाला पडलेली शंका खरी झाली. ज्याच्याकडे ती प्रमाणपत्रं होती तो वाटेत बसून ‘मीच गूगल’ म्हणू शकला असता आणि तुमच्या पट्टीत कुलूप तसंच दिसलं असतं. ३ जुलैला नियंत्रकांनी एनआयसीची मधली प्रमाणपत्रं रद्द केली. प्रमाणपत्रं देण्याची तिथली प्रक्रियाच बाधित झाली होती आणि अशी चार प्रमाणपत्रं निघाली, असं नियंत्रकांच्या चौकशीतून सांगण्यात आलं. आणखीही काही आपल्याला दिसली आहेत, असं गूगलने नोंदवलं. त्यानंतर क्रोमने भारताच्या मूळ किल्लीवरचा भरवसा सरकारी आणि काही मोजक्या पत्त्यांपुरता मर्यादित केला.

एक दुवा कच्चा निघाला आणि साऱ्या देशाची पत घटली. पुढे यावर मोठा उपाय आला. दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र कुणालाही वाचता येईल अशा जाहीर नोंदवहीत चढवायचं. एप्रिल २०१८ नंतर दिलेलं प्रमाणपत्र तसं चढलेलं नसेल तर क्रोम ते मानत नाही. कुणी तुमच्या नावाने किल्ली काढली तर ती आता उघड्यावर दिसते.

आणि त्या कुलपाबद्दल एक सत्य पक्कं लक्षात ठेवा. पत्त्यात लिहिलेल्या नावापर्यंतची वाट सुरक्षित आहे, एवढंच ते सांगतं. त्या नावाचा मालक प्रामाणिक आहे, असं ते कधीच सांगत नव्हतं. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून काढलेल्या बनावट पत्त्यालाही खरंखुरं प्रमाणपत्र मिळतं. कुलूप म्हणजे प्रामाणिक मालक, ही लोकांची समजूत इतकी घट्ट होती, की २०२३ मध्ये क्रोमने ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

२०१८ : मुंबई हमरस्ता, मेट्रोच्या खांबांखाली

आता डोक्यावरून मेट्रो जाते; मियापूर ते अमीरपेटचा मार्ग आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू झाला आहे. तुमचे केस पिकले आहेत. लातूरहून येऊन तुम्ही बालानगरला लेथ मशिनवर सुरुवात केलीत, आता तुमची छोटी खासगी कंपनी आहे आणि तुम्ही तिचे संचालक आहात. २००६ पासून कंपनीची कागदपत्रं डिजिटल स्वाक्षरीनेच भरावी लागतात, म्हणून तुमच्या नावाचं एक डोंगल, म्हणजे खासगी किल्ली आत ठेवणारं टोकन, आहे.

ते आहे मात्र हिशेबनिसाच्या कार्यालयात. तुम्ही जिना चढून जाता. तिथला मुलगा खण उघडतो. आत रबर लावून बांधलेली डोंगलं, प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि खाली पासवर्ड. पुष्कळांचा तोच, एकपासून आठपर्यंत ओळीने. बाजारात सर्रास मिळणारं एक टोकन कारखान्यातून तसंच येतं आणि तो बदलायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

“साहेब, इथेच असू द्या ना,” मुलगा आपुलकीने म्हणतो. “रिटर्न भरायचं असलं की तुम्हाला दर वेळी कशाला त्रास? सगळ्यांचीच आमच्याकडे असतात.”

त्याच्या मनात काही वावगं नाही आणि तुम्हालाही सोय बरी वाटते. पण थांबा आणि खणात पुन्हा बघा. त्या टोकनमधली किल्लीची जोडी आतच जन्मली. खासगी किल्ली बाहेर काढता येऊ नये अशी त्याची मुद्दाम रचना केली आहे. डिफी-हेलमनपासूनची सगळी बुद्धी, संसदेचा कायदा, नियंत्रकाची मूळ किल्ली, हे सगळं ‘ही सही याच माणसाने केली’ एवढं एक वाक्य खरं ठरावं म्हणून उभं आहे. आणि ते वाक्य या खणात रबराखाली खोटं झालं आहे. या खणापर्यंत ज्याचा हात पोचेल तो उद्या तुमच्या नावाने संचालक बदलू शकतो, कर्जाच्या कागदावर सही करू शकतो, टेंडर भरू शकतो. तपासणाऱ्या संगणकाला सही अस्सलच दिसेल, कारण ती अस्सलच असेल.

कायदा इथे तुमच्या बाजूने झुकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४२ वं कलम सांगतं, की खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यायची आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं, आणि कळवेपर्यंतची जबाबदारी धारकाचीच.

याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्याहून बातमी येते. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ ऑगस्टला मिळून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. २८ देशांमधल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. कुणी कूटलेखन फोडलं नव्हतं. एटीएमला ‘पैसे द्या’ असं उत्तर देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी स्वतःची यंत्रणा आणून बसवली होती आणि हो म्हणण्याचा अधिकार तिने उचलला होता. वाट कितीही भक्कम असली तरी संदेश जिथे उघडतो, जिथे होकार दिला जातो, तिथे कोण बसलं आहे यावर शेवटी सारं ठरतं.

तुम्ही डोंगल उचलून खिशात घालता. मुलगा जरा खट्टू होतो. “बाळा, रिटर्न भरायचं असेल तेव्हा मी स्वतः येईन,” तुम्ही त्याला सांगता.

२०३५ : वाट अजून सुरू आहे

एकदा पुढेही डोकावू या. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर ६१७ अंकी गुणाकारही फोडता येईल. असा संगणक आज कुणाकडे असल्याचं जाहीर नाही. पण आजचे बंद संदेश साठवून ठेवून पुढे उघडता येतात. रोगाचे अहवाल, जमिनीचे व्यवहार, देशाची गुपितं, ज्यांचं गुपितपण दहा-वीस वर्षं टिकायला हवं त्यांच्यासाठी धोका आजच सुरू झाला आहे.

म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी नव्या गणितावरच्या तीन पद्धती प्रमाण म्हणून जाहीर केल्या, आणि जुन्या पद्धती २०३५ नंतर चालू ठेवू नयेत असा मसुदाही काढला. भारतानेही एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींहून अधिक रकमेचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. कोणती यंत्रं, कोणते सर्व्हर, कोणती टोकनं बदलावी लागतील याची यादी करायला प्रत्येक बँकेने, रुग्णालयाने आणि कार्यालयाने आत्ताच बसायला हवं, कारण किल्ल्या बदलायला वर्षं लागतात.

तोवर तुमच्या हातात असलेली कामं साधी आहेत आणि ती आज होऊ शकतात. डिजिटल स्वाक्षरीचं टोकन स्वतःजवळ ठेवा आणि त्याचा कारखान्यातला पासवर्ड आज संध्याकाळीच बदला. ते हरवलं तर पोलिसांना कळवाल तितक्याच तातडीने प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवा. ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला तर ‘पुढे चला’ दाबू नका. पैसे भरण्याआधी पत्त्यातलं नाव अक्षर अक्षर वाचा. व्हॉट्सॲपवर एखाद्याचा सुरक्षा कोड बदलल्याची सूचना आली, की त्याची किल्ली बदलली आहे असं समजा. बहुधा त्याने फोन बदलला असेल, पण पैशाची गोष्ट करण्याआधी त्याला फोन लावून त्याचा आवाज ऐका. तुम्ही सर्व्हर सांभाळत असाल तर स्वतःची कूटलेखनाची रीत बनवू नका, किल्ल्या आज्ञावलीत लिहून ठेवू नका, आणि त्या कधी, कुठे, कोणत्या यंत्रावर जन्मल्या याची नोंद ठेवा.

दोन अनोळखी माणसांनी उघड्यावर बोलून गुपित ठेवावं, ही अर्धशतकापूर्वी अशक्य वाटलेली गोष्ट आज तुमच्या आमच्या खिशात आहे. गावातल्या लहान कारखानदाराला मोठ्या बँकेइतकीच पक्की सही करता येते, ही या गणिताने आणलेली मोठी समता आहे. गणिताने आपला शब्द पाळला आहे. खासगी किल्ली खासगी ठेवण्याचं काम त्याने माणसावर सोडलं आहे, आणि ते ज्याचं त्यानेच करायचं आहे.